भूकंप आणि ज्वालामुखी एकाच पट्ट्यात का आढळतात, आणि त्यांची साथ कोठे सुटते

प्रश्न असा आहे की, जगाच्या नकाशावर भूकंपांचे आणि ज्वालामुखींचे ठिपके मांडले तर दोन्ही बहुतेक त्याच अरुंद पट्ट्यांत येतात. मग ज्वालामुखीमुळे भूकंप होतात, की भूकंपामुळे ज्वालामुखी जागे होतात? थोडक्यात सांगायचे तर दोहोंपैकी कोणीही दुसऱ्याचे मूळ कारण नाही. पृथ्वीचे कठीण बाह्य आवरण ज्या मोठ्या तुकड्यांत, म्हणजे भूपट्टांत, विभागलेले आहे, त्यांच्या कडांवर खडक तुटण्याजोगी आणि खडक वितळण्याजोगी अशा दोन्ही परिस्थिती निर्माण होतात, म्हणून हे दोन नकाशे एकमेकांवर ठेवले की बरेचसे जुळतात. मात्र ते पूर्णपणे जुळत नाहीत. भूकंपलेख वाचण्यात अनेक वर्षे घालवल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे की, ते जेथे जुळत नाहीत त्या जागाच या विषयात सर्वाधिक शिकवतात. म्हणून पुढील उत्तरात मी त्या जागांवर मुद्दाम अधिक वेळ थांबलो आहे.

आधी तुटणे आणि वितळणे यांतील फरक पाहू. भूकंप होण्यासाठी खडक थंड आणि ठिसूळ असावा लागतो आणि त्यात ताण साठत राहावा लागतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या १९०६ मधील भूकंपानंतर हॅरी रीड यांनी भ्रंशाच्या, म्हणजे ज्या भेगेवर खडक एकमेकांना घासून सरकतात तिच्या, दोन्ही बाजूंच्या जमिनीची जुनी आणि नवी मोजमापे ताडून पाहिली, आणि भ्रंशालगतची जमीन कित्येक वर्षे धनुष्यासारखी वाकत राहते व घर्षणाची मर्यादा ओलांडली गेली की एका झटक्यात सरळ होते, असे दाखवून दिले. तो झटका म्हणजे भूकंप. खडक तापलेला असेल तर ताण असा साठूनच राहत नाही. खंडांच्या कवचातील क्वार्ट्‌झयुक्त खडक सुमारे ३०० ते ३५० अंश सेल्सिअसच्या पुढे तुटण्याऐवजी मऊ मेणासारखे सावकाश आकार बदलू लागतात, आणि म्हणूनच खंडांवरील बहुतेक भूकंप वरच्या १५ ते २० किमी जाडीतच होतात.

ज्वालामुखीला मात्र वितळलेला खडक, म्हणजे शिलारस, लागतो, आणि येथे एक जुना गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कवचाखाली सर्वत्र वितळलेल्या खडकाचा समुद्र पसरलेला असून जेथे फट मिळेल तेथून तो बाहेर येतो, असे चित्र अनेकांच्या मनात असते. वस्तुस्थिती अशी की कवचाखालील सुमारे २९०० किमी जाडीचे प्रावरण जवळजवळ संपूर्णपणे घन आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, आणि प्रावरणातून त्या सहज पार होतात, हा त्याचा भक्कम पुरावा आहे. हा घन खडक अतिशय तापलेला आहे, परंतु वरच्या थरांच्या प्रचंड दाबामुळे तो वितळू शकत नाही. तो वितळवायचा तर त्याच्यावरचा दाब कमी व्हावा लागतो, त्यात पाणी मिसळावे लागते, किंवा खोलातून नेहमीपेक्षा अधिक तप्त खडक वर यावा लागतो. पृथ्वीवरील बहुतेक सगळे ज्वालामुखी या तीनपैकी एखाद्या मार्गाने, क्वचित दोन मार्गांनी एकदम, निर्माण झालेले आहेत. भूकंपाचे कारण आणि ज्वालामुखीचे कारण अशी ही दोन वेगळी खाती आहेत, हे मनात धरले की नकाशा वाचणे सोपे जाते.

तो नकाशा आपल्याला तसा अलीकडेच स्पष्ट दिसू लागला. आल्फ्रेड वेगेनर यांनी खंडे सरकतात हा विचार १९१२ मध्ये मांडला होता, पण त्यांना पुरेसे पुरावे मिळाले नाहीत आणि बहुतेकांनी तो नाकारला. पुढे १९६० च्या दशकात, भूमिगत अणुचाचण्यांवर लक्ष ठेवता यावे म्हणून जगभर एकाच प्रकारच्या भूकंपमापकांचे जाळे उभारण्यात आले. त्याआधी भूकंपांच्या जागा ढोबळपणे कळत असत. या जाळ्यामुळे ठिपके इतके नेमके पडू लागले की भूपट्टांच्या सीमा जणू पेन्सिलीने रेखाटल्यासारख्या समोर आल्या. ब्रायन आयझॅक्स, जॅक ऑलिव्हर आणि लिन साइक्स यांनी १९६८ मध्ये या नोंदींच्या आधारे दाखवले की जगातील भूकंपांची मांडणी सरकणाऱ्या भूपट्टांच्या कल्पनेशी तंतोतंत बसते. युद्धाच्या धास्तीने उभारलेल्या यंत्रणेतून पृथ्वीविषयीचे इतके मूलभूत ज्ञान हाती यावे, याचे मला आजही मनापासून अप्रूप वाटते.

भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात तेथपासून सुरुवात करू. महासागरांच्या तळाशी सुमारे ६५,००० किमी लांबीची पर्वतरांग पृथ्वीभोवती पसरलेली आहे. तिच्या माथ्यावर भूपट्ट वर्षाला २ सेंमीपासून १५ सेंमीपर्यंत वेगाने विलग होतात, खालचा तप्त खडक ती जागा भरण्यासाठी वर येतो, वर येताना त्याच्यावरचा दाब घटतो आणि त्याचा काही भाग वितळतो. पृथ्वीवर दरवर्षी निर्माण होणाऱ्या शिलारसापैकी सुमारे तीन चतुर्थांश या रांगेवर बाहेर पडतो, तरीही डोक्यावर दोन-अडीच किमी पाणी असल्यामुळे आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही. येथे भूकंपही सतत होतात, पण भूपट्ट अगदी पातळ आणि गरम असल्यामुळे ते उथळ आणि बहुधा लहान असतात. आइसलँडमध्ये ही रांग समुद्रावर डोके काढते, कारण तेथे भूपट्ट विलग होण्याच्या जोडीला खोलातून अधिक तप्त खडकही वर येतो. पूर्व आफ्रिकेच्या खचदरीत हीच क्रिया खंडाच्या पोटात चालू आहे. सन २००५ मध्ये इथिओपियाच्या अफार प्रदेशात काही आठवड्यांत सुमारे ६० किमी लांबीच्या पट्ट्यात जमीन फाकली, काही ठिकाणी ती ८ मीटरपर्यंत विलग झाली आणि त्या भेगेत खालून शिलारस भरला गेला.

आता मुख्य विषयाकडे वळतो. पॅसिफिक महासागराभोवतीचे सुमारे ४०,००० किमी लांबीचे अग्निकंकण सर्वांच्या परिचयाचे आहे. जगातील सर्वांत मोठ्या भूकंपांपैकी सुमारे ८० टक्के आणि समुद्रपातळीच्या वरील जागृत ज्वालामुखींपैकी बहुसंख्य या कंकणावर आहेत. येथे महासागराचा भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली घुसतो. या क्रियेला सबडक्शन म्हणतात. महासागरी भूपट्ट निर्माण होतो तेव्हा गरम आणि हलका असतो, पण कोट्यवधी वर्षे समुद्रतळावर राहून तो थंड, जाड आणि जड होतो आणि अखेरीस स्वतःच्याच वजनाने प्रावरणात उतरू लागतो. जेथे तो वाकून खाली जातो तेथे समुद्रात खोल गर्ता तयार होते, आणि गर्तेपासून खाली तिरपे उतरत जाणारे त्याचे पृष्ठ हे जगातील सर्वाधिक विध्वंसक भूकंपांचे उगमस्थान असते.

हे पृष्ठ गुळगुळीत नसते. सुमारे ४० ते ५० किमी खोलीपर्यंत खालचा आणि वरचा भूपट्ट घर्षणाने एकमेकांत जखडलेले राहू शकतात, आणि खालचा भूपट्ट वर्षाला ६ ते ९ सेंमी सरकत असताना वरच्या भूपट्टाची कड स्वतःबरोबर खाली ओढत नेतो. ही स्थिती शंभर, दोनशे, काही ठिकाणी पाचशे वर्षे टिकते. मग एका दिवशी ती कड सुटते आणि समुद्राचा तळ काही मीटर उसळतो. चिलीच्या किनाऱ्यावर २२ मे १९६० रोजी झालेला ९.५ महत्तेचा (महत्ता म्हणजे मॅग्निट्यूड, भूकंपाच्या आकाराचे माप) भूकंप हा यंत्रांनी नोंदलेला सर्वांत मोठा भूकंप आहे. त्यात सुमारे १००० किमी लांबीचे पृष्ठ एकाच वेळी सरकले, आणि त्यामुळे उठलेल्या त्सुनामीने सुमारे एका दिवसात पॅसिफिक ओलांडून जपानच्या किनाऱ्यावर माणसे दगावली. सन २००४ च्या सुमात्रा-अंदमान भूकंपात सुमारे १३०० किमी लांबीचे पृष्ठ तुटत जायला आठ ते दहा मिनिटे लागली. महत्तेचा एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, हे लक्षात घेतले म्हणजे अशा एकाच भूकंपापुढे त्या वर्षातील इतर सगळ्या भूकंपांची बेरीज का तोकडी पडते ते समजते.

हाच भूपट्ट ज्वालामुखींनाही जन्म देतो, परंतु वेगळ्या जागी आणि वेगळ्या कारणाने. घर्षणाच्या उष्णतेने खाली जाणारा भूपट्ट वितळतो आणि तोच वर येतो, असे अजूनही काही ठिकाणी लिहिलेले आढळते. ते बहुतांशी बरोबर नाही. खाली जाणारा भूपट्ट तर आजूबाजूच्या प्रावरणापेक्षा थंड असतो. तो बरोबर नेतो ते पाणी. समुद्रतळावर असताना त्याच्यातील खनिजांनी स्फटिकांच्या रचनेतच पाणी सामावून घेतलेले असते. सुमारे १०० किमी खोलीच्या आसपास दाब आणि तापमान वाढले की हे पाणी त्यांच्यातून मोकळे होऊन वरच्या तप्त प्रावरणात शिरते, आणि पाण्याच्या सहवासात प्रावरणाच्या खडकाचा वितळणबिंदू काही शे अंशांनी खाली येतो. जो खडक कोरडा असताना घनच राहिला असता तो आता अंशतः वितळतो, आणि हलका शिलारस वर चढू लागतो. म्हणूनच ज्वालामुखींची रांग गर्तेच्या काठावर नसते. ती गर्तेपासून बहुधा शंभर ते तीनशे किमी आत, भूपट्टाने सुमारे १०० किमी खोली गाठली असेल त्या रेषेच्या डोक्यावर, गर्तेला समांतर उभी असते. जपान, सुमात्रा आणि जावा, अँडीज, अल्यूशियन बेटे अशा सर्व ठिकाणी ही शिस्त दिसते. अंदमान समुद्रातील बॅरन बेटाचा ज्वालामुखी त्याच सुमात्रा रांगेचा उत्तरेकडील दुवा आहे.

पाण्याच्या या भूमिकेमुळे आणखी एक गोष्ट उलगडते. हा शिलारस पाण्याची वाफ आणि इतर वायू बरोबर घेऊन येतो, आणि जाड कवचातून चढताना त्यातील सिलिकेचे प्रमाण वाढून तो चिकट होतो. चिकट शिलारसातून वायू सहज निसटू शकत नाहीत, दाब साठत जातो, आणि मग १८१५ मधील टंबोरा, १८८३ मधील क्राकाटोआ किंवा १९९१ मधील पिनाटुबो यांच्यासारखे स्फोटक उद्रेक होतात. हवाईचा पातळ बेसाल्ट लाव्हा याउलट नदीसारखा वाहतो.

खाली गेलेल्या भूपट्टाचा माग काढण्याचे कामही भूकंपच करतात. कियो वादाती यांनी जपानच्या आणि नंतर ह्यूगो बेनिऑफ यांनी इतर ठिकाणच्या नोंदींवरून दाखवले की गर्तेपासून जसजसे आत जावे तसतशी भूकंपनाभी, म्हणजे भूकंप जेथून सुरू होतो ती जमिनीखालची जागा, खोल खोल होत जाते, पार ७०० किमीपर्यंत. बोलिव्हियाच्या खाली जून १९९४ मध्ये सुमारे ६३० किमी खोलीवर ८.२ महत्तेचा भूकंप झाला आणि त्याची कंपने हजारो किमी दूर कॅनडातही जाणवली. इतक्या दाबाखाली खडक साध्या अर्थाने ठिसूळपणे तुटणे शक्य नसते. थंड भूपट्टातील ऑलिव्हीन खनिजाचे अधिक घन रूपात अचानक होणारे परिवर्तन हे त्यामागील एक प्रमुख स्पष्टीकरण मानले जाते, आणि त्यावर संशोधन चालू आहे.

इथपर्यंत दोन्ही नकाशे हातात हात घालून चालतात. आता साथ सुटते त्या जागा.

पहिली जागा म्हणजे भूपट्ट एकमेकांना घासून समांतर सरकतात ती सीमा. कॅलिफोर्नियातील सुमारे १३०० किमी लांबीचा सॅन अँड्रियास भ्रंश आणि तुर्कस्तानातील उत्तर अनातोलियन भ्रंश ही तिची ठळक उदाहरणे. येथे खडक थंड आहे, ताण आहे, म्हणून भूकंप आहेत. परंतु काही फाकत नाही आणि काही खाली जात नाही, त्यामुळे ना दाब घटतो, ना पाणी मिसळते. शिलारस निर्माण होण्याचे कारणच तेथे नाही.

दुसरी जागा हिमालय. भारतीय भूपट्ट युरेशियाच्या दिशेने वर्षाला सुमारे ४ ते ५ सेंमी सरकतो, त्यातील २ सेंमीच्या आसपास हालचाल हिमालयाच्या पायथ्यालगतच्या भ्रंशावर साठते, आणि ती १९३४ मध्ये बिहार-नेपाळात, १९५० मध्ये आसाम-तिबेट सीमेवर ८.६ महत्तेने आणि २०१५ मध्ये नेपाळात ७.८ महत्तेने मोकळी झाली. तरीही हिमालयात एकही जागृत ज्वालामुखी नाही. खंडाचे कवच हलके असल्याने ते महासागरी भूपट्टासारखे प्रावरणात खोल बुडत नाही. ते दुमडते, एकमेकांवर चढते आणि सुमारे ७० किमीपर्यंत जाड होते. पाणी पोहोचवणारा महासागरी भूपट्टच तेथे उरलेला नाही. तो कधीकाळी होता. भारत आणि आशिया यांच्यामधला टेथिस महासागर उत्तरेकडे खाली जात होता तेव्हा त्या काठावर अँडीजसारखे ज्वालामुखी होते, आणि त्यांच्या पोटात थिजलेला शिलारस आज लडाखमध्ये ग्रॅनाइटच्या डोंगरांच्या रूपाने उघडा पडलेला आहे. महासागर संपला, टक्कर झाली, ज्वालामुखी विझले आणि भूकंप मात्र राहिले.

तिसरी जागा मला सर्वाधिक बोलकी वाटते, आणि दुर्दैवाने तिचा उल्लेख फारसा होत नाही. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याखाली नाझ्का भूपट्ट सर्वत्र खाली जातो, तरी उत्तर आणि मध्य पेरूमध्ये सुमारे १५०० किमी लांबीच्या टप्प्यात एकही जागृत ज्वालामुखी नाही. मध्य चिलीतही असाच एक रिकामा टप्पा आहे. भूकंपनाभींची खोली मांडून पाहिली तेव्हा कारण सापडले. या टप्प्यांत भूपट्ट सुमारे १०० किमी खोलीपर्यंत नेहमीसारखा उतरतो आणि मग आडवा होऊन वरच्या खंडाच्या बुडाला लागून शेकडो किमी सरकत जातो. त्याच्या आणि खंडाच्या मधली तप्त प्रावरणाची पाचर पिळून निघून गेलेली आहे. पाणी आहे, पण ते ज्याला वितळवील असा तप्त खडक वर उरलेला नाही. भूकंप मात्र अजिबात कमी झालेले नाहीत. याच टप्प्याच्या किनाऱ्याजवळ ३१ मे १९७० रोजी ७.९ महत्तेचा भूकंप झाला, हुआस्करान शिखरावरून बर्फ आणि खडकांचा लोंढा सुटला आणि त्याखाली युंगाय हे गाव गाडले गेले.

याच्या उलट बाजूला हवाई आहे. सर्वांत जवळची भूपट्ट सीमा तेथून ३००० किमीहून अधिक दूर असूनही तेथे जगातील अत्यंत सक्रिय ज्वालामुखी आहेत. टुझो विल्सन यांनी १९६३ मध्ये सुचवले की खोल प्रावरणात एक तप्त उगम जागच्या जागी आहे आणि पॅसिफिक भूपट्ट त्याच्यावरून सरकत जातो, त्यामुळे बेटांची माळ तयार होते आणि उगमापासून जितके दूर जावे तितकी बेटे जुनी आढळतात. मोजलेल्या वयांनी हे मोठ्या प्रमाणात खरे ठरवले. हवाईतही भूकंप होतात, पण त्यांचे कारण बहुतांशी ज्वालामुखीच आहे: शिलारसाच्या रेट्याने आणि स्वतःच्या वजनाने बेटाची बाजू जुन्या समुद्रतळावरून समुद्राकडे घसरते. मे २०१८ मध्ये किलाउएआच्या उद्रेकाच्या सुरुवातीला झालेला ६.९ महत्तेचा भूकंप असाच होता.

भूपट्टांच्या आतील भागातही क्वचित भूकंप होतात, जसे अमेरिकेतील न्यू मॅड्रिडला १८११-१२ मध्ये किंवा किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ रोजी झाले. सीमांवरचा दाब भूपट्टाच्या आतपर्यंत पोहोचतो आणि जुन्या, कमकुवत भ्रंशांवर तो शेकडो किंवा हजारो वर्षांनी मोकळा होतो. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप यातही वेगळा. जलाशयाच्या भाराने आणि भेगांत झिरपलेल्या पाण्याने, आधीच ताणाखाली असलेला भ्रंश हलला, असे त्याचे सर्वसाधारणपणे मान्य झालेले स्पष्टीकरण आहे. यांपैकी कोठेही ज्वालामुखीचा संबंध नाही.

आता एक दुसऱ्याला चाळवतो का, या भागाकडे. शिलारस वर चढताना खडक फोडतो, त्यामुळे उद्रेकाआधी लहान भूकंपांचे थवेच्या थवे नोंदले जातात. ते क्वचितच ५ किंवा ६ महत्तेच्या पुढे जातात, पण त्यांच्यामुळे इशारा देता येतो. पिनाटुबोच्या जून १९९१ मधील उद्रेकापूर्वी याच नोंदींच्या आधारे हजारो लोकांना वेळेत हलवता आले. मोठा भूकंप असा इशारा देत नाही. उलट दिशेनेही उदाहरणे आहेत: चिलीतील १९६० च्या महाभूकंपानंतर ३८ तासांनी कोर्डोन काउये ज्वालामुखीचा उद्रेक सुरू झाला. परंतु ज्याच्या पोटात शिलारस उद्रेकाच्या बेतात आलेलाच आहे असा ज्वालामुखीच भूकंपाच्या हादऱ्याने जागा होतो. अन्यथा दरवर्षीच्या मोठ्या भूकंपांमागून उद्रेकांची रांग लागली असती, आणि तसे होत नाही.

शेवटी अशी एक जागा सांगतो, जिथे ज्वालामुखींनी भूकंपांविषयी साक्ष दिली. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, उत्तर कॅलिफोर्नियापासून व्हँकूव्हर बेटापर्यंत, किनाऱ्याला समांतर ज्वालामुखींची रांग आहे. १९८० मध्ये उद्रेक झालेला सेंट हेलेन्स तिच्यातलाच. तेथे भूपट्ट खाली जात असल्याची खूण यापेक्षा स्पष्ट असू शकत नाही. तरीही त्या दोन भूपट्टांच्या संपर्कपृष्ठावर यंत्रांच्या काळात मोठा भूकंप जवळजवळ नोंदला गेलेला नव्हता, आणि येथे भूपट्ट बिनबोभाट घसरत असावा असे अनेकांना वाटत होते. मग १९८० च्या दशकात किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यात बुडून मेलेल्या झाडांची वने आणि त्यांच्याजवळ दलदलीच्या मातीवर पसरलेले त्सुनामीच्या वाळूचे थर सापडले. झाडांच्या वलयांवरून मृत्यूचा काळ १६९९ च्या पानगळीनंतरचा आणि १७०० च्या वसंतापूर्वीचा ठरला. जपानच्या जुन्या दफ्तरांत जानेवारी १७०० मध्ये, भूकंप न जाणवता आलेल्या एका त्सुनामीची नोंद होती. तिच्यावरून उलटा हिशेब केला तेव्हा २६ जानेवारी १७०० ची रात्र आणि सुमारे ९ महत्ता हे उत्तर आले. तेव्हापासून ते पृष्ठ जखडलेले आहे, आणि उपग्रहांच्या मोजमापांत त्या किनाऱ्याची कड आजही वाकत असलेली दिसते.